थर्मिऑन: उष्णतेने सुटलेला इलेक्ट्रॉन

पदार्थ पुरेसा तापवला की त्याच्या पृष्ठभागातून विद्युतभारित कण बाहेर पडू लागतात. अशा कणाला थर्मिऑन म्हणतात. आजच्या वापरात हा कण जवळजवळ नेहमी इलेक्ट्रॉनच असतो. बाहेर पडल्यावर तो इतर कोणत्याही इलेक्ट्रॉनहून वेगळा नसतो. भार तोच, वस्तुमानही तेच. त्याचे नाव त्याची जात सांगत नाही, तो कशामुळे सुटला तेवढेच सांगते. प्रकाशामुळे सुटलेला इलेक्ट्रॉन जसा फोटोइलेक्ट्रॉन, तसा हा थर्मिऑन.

ही घटना इलेक्ट्रॉनच्या शोधाआधीच लक्षात आली होती. 1873 मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ फ्रेडरिक गथ्री यांना असे दिसले, की लालभडक तापलेल्या लोखंडी गोळ्यावरचा ऋणभार निघून जातो, धनभार मात्र टिकतो. पुढे विजेच्या दिव्याची काच आतून काळी का पडते हे तपासताना थॉमस एडिसन यांनी दिव्यात एक जादा पट्टी बसवली. ती धन टोकाला जोडली की तापलेली तार आणि पट्टी यांच्यामधल्या निर्वातातून प्रवाह वाहू लागे. ऋण टोकाला जोडली की तो थांबे. एडिसन यांनी 1883 मध्ये त्यावर आधारित उपकरणाच्या पेटंटसाठी अर्ज केला, पण कारणाच्या मागे ते लागले नाहीत. ते कळायला 1897 मधला जे. जे. थॉमसन यांचा इलेक्ट्रॉनचा शोध व्हावा लागला.

या घटनेला नियमात बसवले ते ओवेन रिचर्डसन यांनी, 1901 पासून केलेल्या कामातून. त्यासाठी त्यांना 1928 चे नोबेल पारितोषिक मिळाले. तापलेल्या पदार्थातून इलेक्ट्रॉनच नव्हे, तर धन आयनही सुटताना दिसत. पुष्कळदा त्यांचे मूळ धातूत मिसळलेल्या अशुद्ध द्रव्यांत असे. थर्मिऑन या नावात म्हणूनच आयन दडलेला आहे आणि व्यापक व्याख्येत दोन्ही भारांचे कण बसतात.

धातूत इलेक्ट्रॉन मोकळे फिरत असले, तरी पृष्ठभाग ओलांडायला त्यांना ठरावीक ऊर्जा लागते. ही किमान ऊर्जा म्हणजे त्या धातूचे वर्क फंक्शन. टंगस्टनसाठी ते सुमारे 4.5 इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. 2500 केल्विन तापमानालाही उष्णतेतून मिळणारी सरासरी ऊर्जा याच्या जवळपास पोचत नाही. सर्वांत वेगवान असे थोडेच इलेक्ट्रॉन निसटतात. पाण्याच्या पृष्ठभागावरून वाफ उठते त्याच धर्तीची ही क्रिया आहे. रिचर्डसन यांनी तिचा विचार याच अंगाने केला होता. त्यामुळे तापमानाचा परिणाम विलक्षण तीव्र असतो. टंगस्टनची तार 2000 वरून 2500 केल्विनवर नेली, की प्रति चौरस सेंटिमीटर मिळू शकणारा प्रवाह सुमारे तीनशे पटींनी वाढतो. या प्रवाहाच्या सूत्रातला घातांकी भाग इतका प्रभावी आहे, की रिचर्डसन यांच्या पहिल्या सूत्रात तापमानाचे वर्गमूळ होते आणि नंतरच्या सूत्रात वर्ग आला, तरी मोजमापांशी दोन्ही जवळपास सारखीच जुळत.

व्यवहारात खरी ओढाताण असते ती तापमान कमी ठेवून प्रवाह जास्त मिळवण्याची. टंगस्टनमध्ये थोडे थोरियम मिसळले, की वर्क फंक्शन 2.6 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास येते. बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा लेप दिलेला कॅथोड, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारे विद्युताग्र, तर 1000 केल्विनच्या सुमारास, मंद लाल असतानाच, काम देतो. रेडिओच्या व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे निर्वात नळ्यांमध्ये, हाच रुळला. मात्र कॅथोडमधून सुटलेले सगळे इलेक्ट्रॉन समोरच्या पट्टीपर्यंत पोचतातच असे नाही. व्होल्टेज अपुरे असेल तर त्यांचा ऋणभारित ढग कॅथोडपुढे साचतो आणि मागून येणाऱ्यांना परतवतो. प्रवाह मग तापमानापेक्षा व्होल्टेजवर ठरतो, आणि बहुतेक व्हॉल्व्ह मुद्दाम याच अवस्थेत चालवले जात.

जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांचा 1904 चा दोन विद्युताग्रांचा व्हॉल्व्ह हे या घटनेचे पहिले महत्त्वाचे उपयोजन. ली डी फॉरेस्ट यांनी 1906 च्या सुमारास त्यात तिसरे विद्युताग्र घातले. क्षीण संदेश वाढवण्याचा मार्ग त्यातूनच खुला झाला. रेडिओ, लांब पल्ल्याचा दूरध्वनी, रडार आणि सुरुवातीचे संगणक याच व्हॉल्व्हवर उभे राहिले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या संगणकातही सुमारे 2,700 व्हॉल्व्ह होते. ट्रान्झिस्टरने व्हॉल्व्हला हटवले, थर्मिऑनिक उत्सर्जनाला नाही. क्ष-किरण नळी, मायक्रोवेव्ह ओव्हनमधला मॅग्नेट्रॉन, उपग्रहांवरच्या प्रवर्धक नळ्या आणि अनेक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यांत आजही तापलेला कॅथोडच असतो.

भाषेत मात्र ‘थर्मिऑन’ हे नाम मागे पडले आहे. संशोधक नुसते इलेक्ट्रॉन म्हणतात आणि ‘थर्मिऑनिक’ हे विशेषण क्रियेला किंवा साधनाला लावतात: थर्मिऑनिक उत्सर्जन, थर्मिऑनिक कॅथोड, थर्मिऑनिक परिवर्तक. यांपैकी परिवर्तक उष्णतेतून थेट वीज काढतो. सोव्हिएत संघाने 1987 मध्ये अवकाशात पाठवलेल्या दोन टोपाझ अणुभट्ट्यांत तो वापरला होता.