पडद्यावरचा धडा आणि बालवर्गातील बाई

शहरांतील शिशुवर्गांच्या माहितीपत्रकांत अलीकडे 'डिजिटल वर्ग' हा शब्द हमखास आढळतो. भिंतीवरचा मोठा पडदा, त्यावर हलणारी-बोलणारी अक्षरे आणि बोट लावताच टाळ्या वाजवणारे संकेतस्थळ पाहून पालकही सुखावतात. मात्र घरी तोच पडदा मोबाइलच्या रूपाने मुलाच्या हातून सुटत नाही, तेव्हा याच पालकांना त्याची धास्ती वाटू लागते. या अपेक्षेच्या आणि धास्तीच्या मध्ये बालवर्गातील शिक्षिका उभी असते. चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी संकेतस्थळे आणि चित्रफिती वापराव्यात की नाही, एवढाच प्रश्न आता तिच्यापुढे राहिलेला नाही. त्या कशा, किती आणि कशासाठी वापराव्यात, हे तिला रोज ठरवावे लागते. या निर्णयासाठी आधार घेता येईल असे बरेच काही संशोधनातून आणि जुन्या अनुभवातून उपलब्ध आहे.

जुनी कसोटी

बालशिक्षणाचा पाया हाताने शिकण्याचा आहे. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये लहान मुलांसाठी संस्था सुरू केली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन', म्हणजे बालोद्यान, हे नाव दिले. त्यांची साधने म्हणजे लोकरीचे चेंडू आणि लाकडी ठोकळे. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी हा विचार खेड्यात नेला. गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला काम केल्यानंतर १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती. म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने, काड्या यांतून साधने घडवली गेली. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेण्यात आली. पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीने हे काम वाढले.

या इतिहासातून एक कसोटी हाती लागते. साधन मुलासाठी असते. मूल साधनासाठी नसते. शिंपला असो वा संगणक, त्यामुळे मुलाचा हात, जीभ आणि मन कामाला लागते का, हेच पाहायचे. पडद्यालाही हीच कसोटी लावली पाहिजे.

दूरचित्रवाणीने शिकवलेले

पडद्यावरून लहान मुलांना शिकवण्याचा पद्धतशीर प्रयोग संगणकाच्या पुष्कळ आधी झाला. १० नोव्हेंबर १९६९ रोजी अमेरिकेत 'सेसमी स्ट्रीट' ही मालिका सुरू झाली. तिच्या निर्मितीत शिक्षणतज्ज्ञ आणि संशोधक आरंभापासून सहभागी होते आणि मुलांचे लक्ष कोठे उडते हे पाहून भागांत बदल केले जात. तिचा हिंदी अवतार 'गली गली सिम सिम' २००६ मध्ये भारतात आला.

१९९६ मध्ये सुरू झालेल्या 'ब्लूज क्लूज' या अमेरिकी मालिकेने आणखी एक पाऊल टाकले. तिचा सूत्रधार प्रेक्षक मुलांना प्रश्न विचारून चक्क थांबत असे. मोठ्यांना ती शांतता अवघडलेली वाटे. मुले मात्र तेवढ्या वेळात पडद्याकडे पाहून उत्तर देत. शिवाय एकच भाग आठवड्यातील पाच दिवस सलग दाखवला जाई. अभ्यासकांना असे आढळले, की पुन:पुन्हा पाहिल्याने मुले कंटाळली नाहीत. उलट त्यांचे आकलन वाढले आणि ती अधिक उत्साहाने उत्तरे देऊ लागली. एकच गोष्ट रोज ऐकण्याचा हट्ट धरणारे मूल ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही. रोज नवी चित्रफीत शोधणाऱ्या शिक्षिकेने मात्र ही बाब ध्यानात घ्यावी. आठवडाभर एकच चांगली चित्रफीत पुरते.

पुढे महाजालाचा प्रसार झाला. १९९९ मध्ये अमेरिकेतील सार्वजनिक दूरचित्रवाणीचे 'पीबीएस किड्स', तर २००२ मध्ये वाचन शिकवणारे 'स्टारफॉल' हे संकेतस्थळ सुरू झाले. २००५ मध्ये यूट्यूब आले आणि चित्रफितींचा महापूर लोटला. २०१० मध्ये आयपॅड बाजारात आला, तेव्हा माऊस धरण्याची अडचणही संपली. कारण बोटाने स्पर्श करणे तीन वर्षांच्या मुलालाही जमते.

संशोधन काय सांगते?

पडद्याची मर्यादा दाखवणारा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातील पॅट्रिशिया कुल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तो प्रसिद्ध केला. इंग्रजी भाषक घरांतील नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी मँडरिन भाषा ऐकवण्यात आली. एका गटाशी भाषिक प्रत्यक्ष खेळले-बोलले. दुसऱ्या गटाला तेच भाषिक पडद्यावर दिसले. पहिल्या गटातील बाळे मँडरिनचे ध्वनी ओळखू लागली, दुसऱ्या गटातील बाळे मात्र काहीच शिकली नाहीत. लहान मुले प्रत्यक्ष माणसाकडून जितके शिकतात तितके पडद्यावरून शिकत नाहीत, या निरीक्षणाला अभ्यासकांनी 'व्हिडिओ डेफिसिट' असे नाव दिले आहे.

वय वाढते तशी ही तूट कमी होत जाते. म्हणून बालवर्गाच्या वयात पडदा अगदीच निरुपयोगी नसतो. शिवाय पडद्यावरचे माणूस मुलाच्या बोलण्याला खरोखर प्रतिसाद देत असेल तर चित्र पालटते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन-अडीच वर्षांची मुले व्हिडिओ कॉलवरील व्यक्तीकडून नवे शब्द शिकली. त्याच प्रकारच्या ध्वनिचित्रमुद्रणातून मात्र शिकली नाहीत. फरक यंत्राचा नव्हता, संवादाचा होता.

शिक्षिकेच्या दृष्टीने त्याहूनही मोलाचा अभ्यास २०१३ मधील आहे. तीन वर्षांच्या मुलांना गोष्टींच्या चित्रफिती दाखवताना पालकांनी मध्येच त्या थांबवाव्यात, 'आता काय होईल?', 'तो का रडतो आहे?' असे प्रश्न विचारावेत आणि उत्तरात भर घालावी, असे शिकवण्यात आले. नुसत्याच चित्रफिती पाहणाऱ्या मुलांपेक्षा या मुलांना गोष्ट अधिक समजली आणि त्यांचा शब्दसंग्रहही अधिक वाढला. चित्रफीत 'चालू' करण्याच्या कळीपेक्षा ती 'थांबवण्याची' कळ अधिक शिकवते, असाच याचा अर्थ.

चित्रफितीची गतीही महत्त्वाची असते. व्हर्जिनिया विद्यापीठातील अँजेलिन लिलार्ड आणि सहकारी यांच्या २०११ च्या प्रयोगात चार वर्षांच्या मुलांनी भराभर दृश्ये बदलणारे व्यंगपट अवघी नऊ मिनिटे पाहिले. त्यानंतर लगेच दिलेल्या, एकाग्रता आणि संयम लागणाऱ्या कामांत ही मुले चित्रे रंगवणाऱ्या मुलांच्या मागे पडली. हा तात्कालिक परिणाम आहे. तरीही भडक, वेगवान गाण्यानंतर लगेच अक्षरलेखनाचा तास ठेवू नये, एवढा बोध त्यातून नक्कीच घेता येतो.

मटकीचा धडा

एका उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. 'बी कशी रुजते' हा बालवर्गातील नेहमीचा विषय. बी फुगते, साल फाटते, मोड बाहेर येतो, मूळ खाली आणि कोंब वर जातो, ही सारी हालचाल इतकी संथ असते की ती डोळ्यांना दिसत नाही. अनेक दिवसांची वाढ दीड-दोन मिनिटांत दाखवणारी चित्रफीत येथे खरोखर उपयोगी ठरते. प्रत्यक्षात जे दिसू शकत नाही ते ती दाखवते आणि पडदा वापरण्याचे हेच सर्वांत सबळ कारण आहे. याउलट, वर्गाबाहेर कडुनिंबाचे झाड उभे असताना त्याच्या पानाची चित्रफीत दाखवण्यात काहीच हशील नाही.

पण या चित्रफितीत एक फसगतही दडलेली असते. पाच वर्षांच्या मुलाला काळाची जाण बेताचीच असते. रोप दोन मिनिटांत वाढते, असे ते खुशाल समजते. भिंगातून चित्रित केलेले बी भोपळ्याएवढे दिसते, तेव्हा आकाराबद्दलही तसाच घोटाळा होतो. म्हणून सुरुवात पडद्यापासून न करता मटकीपासून करावी. मुलांनी मूठभर मटकी हाताळावी, भिजवावी, फडक्यात बांधावी आणि काय होईल याचा अंदाज बोलून दाखवावा. दुसऱ्या दिवशी फडके उघडून मोड पाहावेत, वास घ्यावा, थोडे दाणे मातीत पेरावेत. चित्रफितीची वेळ त्यानंतर येते. साल फाटताना ती थांबवून बाईंनी विचारावे, 'आपल्या मटकीचे असे झाले का?' पुढचे काही दिवस रोपाच्या उंचीएवढी कागदाची पट्टी कापून भिंतीवर ओळीने चिकटवावी. पडद्यावरची दोन मिनिटे म्हणजे खरे किती दिवस, हे त्या पट्ट्या मोजताना मुलाला उमगते. या आठवडाभराच्या धड्यात पडद्याचा वाटा जेमतेम दहा मिनिटांचा असतो, पण तो योग्य जागी असतो.

'प्रतिसाद देणारे' म्हणजे काय?

संकेतस्थळ प्रतिसाद देते, म्हणजे ते शिकवतेच असे नाही. बोट लावल्यावर ससा उडी मारतो. मूल पुन्हा बोट लावते, ससा पुन्हा उडी मारतो. यात मुलाचे बोट गुंतते, बुद्धी गुंतेलच असे नाही. कॅथी हर्श-पासेक आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अशा साधनांसाठी चार निकष मांडले. मुलाची बुद्धी सक्रिय राहावी, त्याचे लक्ष विचलित होऊ नये, शिकलेल्याचा त्याच्या जगण्याशी संबंध असावा आणि त्यातून इतरांशी संवाद घडावा. गोष्टीच्या पानावर जागोजागी उगाच वाजणारी, नाचणारी चित्रे दुसऱ्याच निकषावर नापास होतात.

याखेरीज शिक्षिकेने स्वत: संकेतस्थळ वापरताना मुद्दाम चुकीची उत्तरे देऊन पाहावे. चुकल्यावर नुसता भोंगा वाजत असेल, तर मूल अंदाजाने बोटे लावत सुटते. चूक का झाली हे कळेल असा इशारा मिळत असेल आणि पुन्हा प्रयत्नाची संधी असेल, तर ते साधन उपयोगाचे.

संख्येचा प्रश्नही असतोच. वीस मुले आणि एक पडदा असेल तर एकाचे बोट पडद्यावर आणि एकोणीस जण प्रेक्षक, अशी गत होते. पडद्यावर पाच पक्षी आले की प्रत्येकाने आपल्यापुढचे पाच मणी वेगळे काढायचे, अशी योजना केली तर सगळेच कामाला लागतात. संगणक कोपऱ्यात ठेवून दोन-दोन मुलांना पाळीने बसवले, तर एकमेकांना सांगण्या-विचारण्यातून भाषाही वाढते.

मराठी मुलांसाठी

इंग्रजी संकेतस्थळांची रेलचेल असली तरी त्यांतील अक्षर-ध्वनींचे खेळ मराठी वाचनाला थेट लागू पडत नाहीत. मराठी मुलाला 'प' आणि 'फ', 'त' आणि 'थ', 'ल' आणि 'ळ' यांतील भेद कानाने टिपावा लागतो, मात्रा-वेलांट्या ओळखाव्या लागतात. त्यासाठी स्वच्छ उच्चारांचे मराठी साहित्यच हवे. प्रथम बुक्सने ८ सप्टेंबर २०१५ रोजी सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतील सचित्र गोष्टी विनामूल्य वाचता येतात आणि छापूनही घेता येतात. ज्या घरांत मुलांचे एकही पुस्तक नाही, तेथील मुलांसाठी पडद्यावरची ही पाने वाचनाचे पहिले दार ठरू शकतात. केंद्र सरकारच्या 'दीक्षा' या मंचावरही भारतीय भाषांत शैक्षणिक साहित्य आहे. वारली, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलांच्या वर्गात मात्र पडद्यावरची प्रमाण मराठी आणि मुलाची घरची बोली यांना जोडणारा दुवा बाईच असतात.

वेळेची आणि सुरक्षिततेची चौकट

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांनी बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला एका तासाहून अधिक नसावा. कमी असेल तितका चांगला. या तासात घरचा मोबाइलही आला, हे शाळांनी विसरू नये. २०२० मध्ये शाळा बंद असताना केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने 'प्रज्ञाता' सूचना काढल्या. त्यांत पूर्वप्राथमिक स्तरासाठी ऑनलाइन वेळ दिवसाला ३० मिनिटांहून अधिक नसावा आणि तोही पालकांशी संवाद साधून त्यांना मार्गदर्शन करण्यासाठी असावा, असे म्हटले होते. तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानणाऱ्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, फेब्रुवारी २०२३ मध्ये 'जादूई पिटारा' ही साहित्याची पेटी आली. तिच्यातही भर आहे तो खेळणी, बाहुल्या, कोडी, चित्रपत्रे अशा हाती धरण्याच्या वस्तूंवरच.

सुरक्षिततेसाठी काही साध्या सवयी पुरतात. चित्रफीत आधी स्वत: शेवटपर्यंत पाहावी आणि शक्य असेल तेथे रीतसर उतरवून ठेवावी, म्हणजे जाहिरातीही टळतात आणि जाळे खंडित झाल्याने वर्गाचा विरसही होत नाही. एकामागून एक चित्रफीत आपोआप सुरू करणारी सोय बंद ठेवावी. मुलांची नावे, छायाचित्रे, जन्मतारखा मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहावे. मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना गोळा केल्याच्या आरोपावरून गूगल आणि यूट्यूबला २०१९ मध्ये अमेरिकेत १७ कोटी डॉलर भरावे लागले होते. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायद्यातही मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे.

तंत्राच्या आयुष्याचाही विचार हवा. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश या प्रणालीचा आधार काढून घेण्यात आला आणि तिच्यावर चालणारे मुलांचे असंख्य खेळ बंद पडले. एकाच संकेतस्थळावर सारा अभ्यासक्रम बेतणाऱ्यांची अशा वेळी पंचाईत होते. मणी, ठोकळे आणि मटकी यांच्यावर असे संकट येत नाही.

पडदा जे दाखवतो त्याचा अर्थ लावायला मुलाला कोणाच्या तरी डोळ्यांत पाहावे लागते. 'असे का झाले?' हा त्याचा प्रश्न ऐकणारे कोणी शेजारी असेल, तर दोन मिनिटांची चित्रफीतही पुरेशी होते. नसेल, तर दोन तासांचीही अपुरी पडते. म्हणून बालवर्गासाठी नवा पडदा घेताना शाळांनी एक हिशेब अवश्य मांडावा. तितक्याच पैशांत बाईंचे प्रशिक्षण आणि वर्गातील मुलांची मर्यादित संख्या साधत असेल, तर आधी ते साधावे. पडदा त्यानंतर आला तरी चालेल.