बुडबुडा बारीक हवा

पहाटे ३.३०. आचऱ्याच्या खाडीकाठी कोळंबीच्या तळ्यात डीओ (विरघळलेला प्राणवायू) मोजणारा मीटर सोडतो. रात्रभर कोळंबी, शेवाळ, तळाचा गाळ सगळेच प्राणवायू ओढत असतात, त्यामुळे सर्वांत कमी आकडा उजाडण्यापूर्वीच मिळतो. लिटरला ४ मिलिग्रॅमच्या वर असले तर जीव भांड्यात पडतो. ३ च्या खाली व्हेनामी जातीची ही कोळंबी खाणे सोडते. आज ३.६ आहे. पाण्यात हवा सोडणारा दुसरा ब्लोअर चालू केला.

६.००. उजेड आला की पाण्याचा पृष्ठभाग वाचायचा. बांधावरून गडी ओरडला, “दादानू, त्या कोपऱ्यात बुडबुडे मोठे येतत!” दिवसभरातली सर्वांत महत्त्वाची बातमी हीच. हवा तेवढीच सोडली, तरी एक सेंटिमीटरच्या बुडबुड्यातली हवा एक मिलिमीटरच्या हजार बुडबुड्यांत विभागली तर पाण्याला भिडणारे तिचे अंग दहापट होते. शिवाय बारीक बुडबुडा सावकाश चढतो, म्हणजे प्राणवायू उतरायला वेळही जास्त. मोठा मात्र भसकन वर येऊन फुटतो. उकळी जोरात दिसते म्हणून नवखा माणूस खूश होतो, पण त्यातली बरीचशी हवा आली तशी परत जाते.

७.३०. कोपऱ्यातली, तळाशी हवा सोडणारी छिद्रांची नळी वर काढली. चिरली होती. हवा सर्वांत सोपी वाट धरते: एका चिरेतून झोत सुटला की पलीकडच्या बारीक छिद्रांना दाबच उरत नाही. नळी उथळ-खोल बसली तरी तेच. पाण्याची दर १० सेंटिमीटर खोली ब्लोअरला जास्तीचा दाब मागते, मग उथळ बाजूच सगळी हवा खाते. नवी नळी टाकताना दोरीने खोली मापून घेतली.

द्रवात हवा फुंकण्याचा हा खेळ जुनाच: पोलादवाल्या बेसेमरने १८५६ साली वितळलेल्या बिडात तळातून हवा फुंकून पोलाद केले. धातू असो की खाडीचे पाणी, झोत द्रवात किती फुटतो आणि किती पसरतो यावरच काम ठरते.

१०.००. कोळंबी किती खाते ते बघायचे चेक ट्रे उचलले. खाद्य संपले आहे. ठीक.

११.००. पाण्याची क्षारता हजारात १४. परवाच्या पावसाने खाली आली. हा आकडा मी प्राणवायूइतक्याच काळजीने बघतो. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांना भिडले तरी सहसा एक होत नाहीत, बारीकच राहतात. पाणी फार गोडे झाले की ते जुळून मोठे होतात. १४ ला अजून धोका नाही, पण ऐन पावसाळ्यात खाडी गोडी होते तेव्हा तोच ब्लोअर, तीच नळी कमी प्राणवायू देते. तेव्हा यंत्राला दोष देण्यात अर्थ नसतो.

दुपारी २.३०. कडक ऊन, शेवाळाचे काम जोरात, डीओ ९ च्या वर. पाणी असे प्राणवायूने तुडुंब असताना सोडलेली हवा उलट प्राणवायू बाहेरच काढते. ब्लोअर बंद. पॅडल व्हील मात्र एक तास फिरवले, कारण पावसाचे हलके गोडे पाणी वर आणि जड खारे खाली असे थर राहिले तर तळाशी बसणारी कोळंबी वरच्या भरल्या पाण्यापासून उपाशी राहते.

५.३०. जुनी नळी शेवाळाने आणि चुन्याने बुजली होती. पातळ आम्लात भिजत घातली. आधी पाणी, मग आम्ल. गड्याला हे रोज सांगतो.

रात्री ९.००. डीओ ५.८, उतरणीला लागला आहे. दोन्ही ब्लोअर चालू केले. लाईट गेली तर जनरेटर लगेच लागला पाहिजे, म्हणून तो दहा मिनिटे चालवून पाहिला आणि डिझेल भरून ठेवले.