वारली चित्रकलेची देखरेख व मूल्यमापन

वारली चित्रकला, देखरेख व मूल्यमापन : पालघर जिल्ह्याच्या (१ ऑगस्ट २०१४ पूर्वी ठाणे जिल्हा) डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड इ. तालुक्यांतील वारली जमातीच्या भित्तिचित्रपरंपरेस शासकीय मान्यता मिळाल्यानंतर तिच्या अस्सलपणाची व जिवंतपणाची वेळोवेळी करावयाची पाहणी. किल्ला वा मंदिर यांसारख्या संरक्षित स्मारकाची देखरेख तुलनेने सोपी असते. भिंतीस पडलेली चीर, ओल, अतिक्रमण यांची नोंद घेऊन आधीच्या नोंदीशी ती ताडून पाहता येते. वारली चित्र मात्र मुळातच टिकण्यासाठी काढले जात नाही. लग्न पार पडले, की त्याचे प्रयोजन संपते आणि पुढे शेणामातीच्या सारवणाखाली ते नाहीसे होते. त्यामुळे येथे जतन करावयाची वस्तू चित्र नसून चित्र काढण्याची रीत होय.

ही रीत विवाहविधीशी निगडित आहे. कुडाच्या भिंतीवर शेणामातीचा व गेरूचा लेप देऊन तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, बांबूच्या काडीचे टोक चेचून केलेल्या कुंचल्याने सुवासिनी चौक लिहितात. देवचौकात पालघाट ही मातृदेवता असते. भोवती झाडे, प्राणी, नाचणारी माणसे येतात. धवलेरी ही विवाहगीते म्हणणारी स्त्री विधीचे पौरोहित्य करते. चित्र, गीत व विधी यांपैकी एकच अंग वेगळे काढून मोजले, तर मोजमाप सदोष ठरते.

१९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी ही कला कागदावर व कापडावर आली. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी विधीबाहेर नित्य चित्रे काढण्यास प्रारंभ केला. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री हा किताब मिळाला. यानंतर व्यवसाय म्हणून चित्रे काढणाऱ्यांत पुरुषांचे प्रमाण वाढले, हा बदल कोणत्याही मूल्यमापनात आधी नोंदवावा लागेल. विक्रीचे आकडे वाढत असताना सुवासिनींच्या हातचा चौक विरळ होत जाणे शक्य आहे, आणि केवळ विक्री पाहणाऱ्या अधिकाऱ्यास ते दिसणार नाही.

आदिवासी युवा सेवा संघ या संस्थेच्या प्रयत्नांतून २०१४ मध्ये वारली चित्रास भौगोलिक मानांकन मिळाले. याचा आधार भौगोलिक मानांकनाचा १९९९ चा केंद्रीय कायदा (अंमल १५ सप्टेंबर २००३ पासून) असून त्याची नोंदणी चेन्नई येथील कार्यालयात होते. नोंदवहीच्या पहिल्या भागात मानांकन व त्याचा धारक, तर दुसऱ्या भागात अधिकृत वापरकर्ते नोंदविले जातात. म्हणजे संस्थेची नोंदणी झाली तरी पाड्यावरील चित्रकारास स्वतंत्र अर्ज करावा लागतो. नोंदणी दहा वर्षांची असून तिचे नूतनीकरण करावे लागते. अर्जातच तपासणीची व्यवस्था सांगावी लागत असली, तरी नोंदणी कार्यालय बाजारात फिरून माल तपासत नाही. भेसळ शोधणे व दाद मागणे हे काम मुख्यतः धारकावर व वापरकर्त्यांवर पडते. पावसाळी भातशेती व उरलेले महिने मजुरी यांवर जगणाऱ्या समाजास हे ओझे हलके नाही.

याहून मोठी अडचण कायद्याच्या व्याप्तीची आहे. मानांकनाने नावास संरक्षण मिळते, आकृतीस नव्हे. दोन त्रिकोण टोकास टोक जोडून केलेली मानवाकृती किंवा तारपा वादकाभोवतीचा सर्पिल नाच चादरीवर यंत्राने छापून, ‘वारली’ हा शब्द न वापरता विकला, तर मानांकनाचा भंग सिद्ध करणे कठीण जाते. पिढ्यानुपिढ्यांच्या सामूहिक आकृत्यांना ग्रंथस्वामित्वाचा कायदाही फारसा उपयोगी पडत नाही, कारण तो ज्ञात कर्ता व ठराविक मुदत गृहीत धरतो.

युनेस्कोच्या २००३ च्या अमूर्त सांस्कृतिक वारसाविषयक करारास भारताने २००५ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार वारशाच्या सूची करून त्या नियमितपणे अद्ययावत ठेवणे, नियतकालिक अहवाल देणे व या कामी संबंधित समाजाचा सहभाग घेणे अपेक्षित आहे. या दृष्टीने डहाणू-तलासरीतील पाहणीत विचारावयाचे प्रश्न साधे आहेत : गावात किती लग्नांत चौक लिहिला गेला, तो कोणी लिहिला, धवलेरी गावातीलच होती काय, तिच्याकडून कोणी शिकत आहे काय. कुडाच्या जागी विटांची घरे आल्यावर चौक कोठे लिहिला जातो, हीही नोंद हवी. पाहणी लग्नसराईत करावी लागते. भात लावणीच्या दिवसांत गेलेल्या निरीक्षकास कोऱ्या भिंतीच आढळतील.

याच तालुक्यात देखरेखीचे एक निराळे उदाहरण आहे. १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविला गेला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशान्वये १९९६ मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. त्याचा विषय जमीन, उद्योग व प्रदूषण हा होता, कला नव्हे. तथापि चौकात येणारी झाडे, शेते व प्राणी याच भूमीतील आहेत. चित्रकलेच्या बाबतीत मात्र असा अधिकार असलेली स्वतंत्र यंत्रणा मानांकनाच्या कायद्याने निर्माण केलेली नाही.