पायातली प्लेट किती पावले चालते?

जानेवारीतला सोमवार. आमच्या ओपीडीत सोमवारी पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीतून पस्तिशीचा एक ऊसतोड कामगार व्हीलचेअरवरून आत आला. मांडी सुजलेली, पाय बाहेरच्या बाजूला किंचित वाकलेला. सप्टेंबरात मोटारसायकलच्या अपघातात त्याचे मांडीचे हाड गुडघ्याच्या वर चार बोटांवर मोडले होते आणि आमच्याच विभागात त्याला प्लेट बसवली होती. नवा एक्स-रे प्रकाशाच्या चौकटीवर लावला. प्लेटचे सरळ दोन तुकडे झाले होते.

“साहेब, ह्यांना कुठं पडणं नाही की आपटणं नाही,” त्याची बायको सांगत होती. “मोळी घेऊन फळीवर चढले आन् कट्‌कन आवाज आला.” बरोबर आलेल्या भावाने मनातले बोलून टाकले. “सरकारी दवाखाना म्हटल्यावर हलकी प्लेट टाकली असणार.”

या आरोपाचा मला राग येत नाही. तीस वर्षांत तो इतक्या वेळा ऐकला आहे, आणि वरवर पाहता त्यात तथ्यही वाटते. हाड मोडले तर समजू शकते. पोलाद कसे मोडेल? प्लेट म्हणजे हाडाच्या जागी बसवलेला कायमचा खांब, असेच रुग्ण धरून चालतो. प्रत्यक्षात ती छत ओतल्यावर खाली लावलेल्या टेकूंसारखी असते. स्लॅब पक्का होईपर्यंत टेकूने भार घ्यायचा, पुढे स्लॅबनेच स्वतःचा घ्यायचा. स्लॅब ओला असताना वर सिमेंटच्या गोण्या रचल्या, तर टेकूच्या लाकडाला दोष देण्यात अर्थ नाही.

पण लाकूड आणि पोलाद यांत फरक आहे, असे त्या भावाने म्हटलेच. मी टेबलावरचे कागद अडकवायचे तारेचे चिमटे पुढे केले. म्हटले, हा ओढून तोडून दाखवा. तुटला नाही. मग म्हटले, आता मागेपुढे वाकवा. दहा-बारा वेळा वाकवल्यावर त्याच्या हातात दोन तुकडे आले. एका झटक्यात जी ताकद तार सहज पेलते, त्याहून कितीतरी कमी ताकद वारंवार लावली की तीच तार तुटते. अभियंते याला धातूचा थकवा म्हणतात. हे नाव थोडे फसवे आहे, कारण थकलेला माणूस विश्रांतीने ताजातवाना होतो, धातू होत नाही. आधी पृष्ठभागावर, एखाद्या ओरखड्याशी किंवा भोकाच्या काठाशी, डोळ्याला न दिसणारी चीर पडते. दर वेळी भार आला की ती अगदी थोडी पुढे सरकते. उरलेली जाडी भार पेलेनाशी झाली की तो ‘कट्‌कन’ आवाज येतो. तुटलेल्या प्लेटचा काप भिंगाखाली पाहिला तर भरती ओसरताना वाळूवर उमटतात तशा रेघा अनेकदा दिसतात. अपघात एका क्षणाचा वाटतो, पण चीर कित्येक आठवडे चालत आलेली असते.

माणसाला हे कळायला बरीच किंमत मोजावी लागली. मे १८४२ मध्ये व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक प्रवासी गेले. रेल्वेचे आस असे अचानक का तुटतात, हा त्या काळातला मोठा प्रश्न झाला. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर या रेल्वे अभियंत्याने १८५० आणि १८६० च्या दशकांत पोलादी दांडे यंत्रात फिरवत ठेवून ते किती फेऱ्यांनी तुटतात हे मोजले. त्यातून दोन गोष्टी पक्क्या झाल्या. भार जितका जास्त, तितक्या कमी फेऱ्यांत दांडा तुटतो. आणि पोलादाच्या बाबतीत भार एका मर्यादेखाली ठेवला, तर तो जवळजवळ अमर्याद फेऱ्या सोसतो. या दुसऱ्या गोष्टीवर आम्ही डॉक्टरांनी फार विसंबून चालत नाही, कारण शरीरातले पाणी खारट असते आणि खाऱ्या पाण्यात पोलादाची ही मर्यादा खाली येते.

आता आमच्या रुग्णाचा हिशेब. कामाच्या दिवशी माणूस सहा हजार पावले चालतो असे कमीत कमी धरू. म्हणजे एका पायावर तीन हजार वेळा भार येतो. दीड-दोन महिन्यांतच तो फडावर गेला होता. तिथे सत्तर-पंचाहत्तर दिवस काम झाले. सव्वादोन लाख वेळा ती प्लेट वाकली आणि सरळ झाली.

हा भार तरी किती? साठ किलोच्या माणसाच्या पायावर साठ किलो, असा आपला समज असतो. तसे नाही. चालताना प्रत्येक पावलाला काही क्षण आपण एकाच पायावर उभे असतो. शरीराचे वजन खुब्याच्या आतल्या बाजूला असते आणि कंबर त्या बाजूला कलंडू नये म्हणून बाहेरच्या बाजूचे स्नायू ती ओढून धरतात. तराजूची दांडी मधोमध न धरता एका टोकाजवळ धरली तर आखूड बाजूला किती जड वजन ठेवावे लागेल, तसे हे स्नायू ओढतात. त्यांची ओढ आणि शरीराचे वजन, दोन्ही मिळून सांध्यावर येतात. बर्लिनमधल्या संशोधकांनी मापनयंत्र बसवलेले कृत्रिम खुबे रुग्णांना बसवून हा भार प्रत्यक्ष मोजला. साध्या चालण्यात तो शरीराच्या वजनाच्या अडीचपट भरतो. ठेच लागून तोल सावरताना आठपटीपर्यंत जातो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा असे आम्ही सांगतो ते याचसाठी. त्या हाताने दिलेला थोडासा जोर स्नायूंची बरीच ओढ वाचवतो. तरी दहापैकी सात जण काठी दुखऱ्या बाजूलाच धरतात. सिनेमातही तशीच धरलेली दिसते. आमचा रुग्ण तर डोक्यावर तीस-चाळीस किलोची मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवर चढत होता.

प्लेटची आणखी एक अडचण म्हणजे ती हाडाच्या बाजूला बसते. भार हाडातून सरळ खाली येतो आणि बाजूची प्लेट वाकते. शिवाय तिला स्क्रूसाठी भोके असतात. ताणाखाली असलेल्या रुंद पट्टीला एक गोल भोक पाडले, तर भोकाच्या काठाशी ताण तिप्पट होतो, हे गणित अभियंत्यांना १८९८ पासून माहीत आहे. म्हणून प्लेट तुटते ती बहुतेक वेळा मोडलेल्या जागेसमोरच्या भोकात. लांब हाडाच्या मधल्या भागासाठी आम्ही रॉड पसंत करतो, कारण तो हाडाच्या पोकळीत, भाराच्या वाटेवरच बसतो. रॉडची जाडी नऊऐवजी दहा मिलिमीटर घेता आली, तर ती वाकायला निम्म्याने अधिक विरोध करते. एका मिलिमीटरसाठी आम्ही शस्त्रक्रियेत वीस मिनिटे जास्त का घालवतो, हे बाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांना सांगायला हवे.

आमच्याही चुका होतात, हे कबूल करतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी प्लेटचे एकही भोक रिकामे ठेवत नसे. जितके स्क्रू तितकी मजबुती, असा हिशेब. चुरा झालेल्या हाडाजवळ दोन्ही बाजूंनी स्क्रू ठासले की सगळे वाकणे मधल्या दोन बोटे लांबीत एकवटते, आणि चिमट्यासारखी प्लेट तिथेच तुटते. एका शिक्षकाच्या दोन प्लेट्स मी अशा तुटलेल्या पाहिल्या. तिसऱ्या वेळी लांब प्लेट घेतली, मोडलेल्या जागेजवळची भोके रिकामी सोडली, आणि ती टिकली. प्लेट आखूड असणे किंवा हाडाच्या टोकांत फट राहणे, हे दोष रुग्णाचे नसतात. म्हणून प्लेट तुटली की मी आधी आमचा पहिला एक्स-रे काढून पाहतो, मग रुग्णाकडे वळतो. या वेळी प्लेटची लांबी ठीक होती, स्क्रूही ठीक होते.

‘इंपोर्टेड टाका’, ‘टायटॅनियमची टाका’, असा आग्रह नेहमी होतो. टायटॅनियम चांगलाच धातू आहे. वजनाला पोलादाच्या निम्म्याच्या आसपास, शरीराला मानवणारा. पण तो जास्त कडक असतो हा गैरसमज आहे. उलट वाकायला विरोध करण्यात तो पोलादाच्या साधारण निम्मा आहे. आपले हाड पोलादाच्या दहाव्या हिश्शाच्या जवळपास. फार कडक धातूचा तोटा असा की सगळा भार तोच घेतो आणि खालचे हाड निकामे बसून विरळ होते. अंतराळवीरांच्या खुब्याजवळच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते, कारण तिथे पेलायला काही नसते. म्हणजे थोडा भार हाडाला हवाच असतो. तो केव्हा आणि किती, हे एक्स-रे पाहून ठरवायचे असते.

मग धातूपेक्षा हाड दुबळे म्हणायचे का? एका झटक्याच्या ताकदीत, हो. पण हाडालाही थकव्याच्या चिरा पडतात, आणि तिथे गोष्ट वेगळी होते. व्होलर आस मोजत होता त्याच दशकात, १८५५ मध्ये, ब्राइटहॉप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांब कवायतीनंतर सैनिकांचे पाय सुजतात, अशी नोंद केली. पुढे क्ष-किरण आले तेव्हा कळले की ही पावलांच्या हाडांना पडलेली चीर आहे. आजही पोलीस भरतीच्या तयारीला एकदम धावू लागलेली मुले तीच तक्रार घेऊन येतात. त्यांना कसलीही प्लेट लागत नाही. काही आठवडे धावणे थांबवले की हाडातल्या पेशी तो भाग पोखरून काढतात आणि नवे हाड भरतात. मोठ्या माणसाचा साधारण दहा टक्के सांगाडा दरवर्षी असा नव्याने बांधला जातो. प्लेटला ही सोय नाही. तिला पडलेली चीर तशीच राहते.

म्हणजे शस्त्रक्रियेनंतर पायात शर्यत सुरू होते. एकीकडे हाड जुळत असते, दुसरीकडे प्लेट थकत असते. हाड थोडे जरी जुळले तरी भार वाटून घेऊ लागते आणि प्लेटवरचा ताण झपाट्याने उतरतो. मांडीच्या हाडाला याला तीन ते सहा महिने लागतात. तंबाखू, मिश्री, विडी आणि ताब्यात नसलेला मधुमेह यांनी हाड मागे पडते. आमच्या रुग्णाच्या खिशात चुन्याची डबी होतीच.

यातली सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे न दुखणे. प्लेटने हाड हलू न दिल्यामुळे तीन-चार आठवड्यांत दुखणे थांबते, आणि रुग्णाला वाटते की हाड जुळले. हाड जुळल्याचे एक्स-रे सांगतो. उलट, दुखणे थांबून महिना-दोन महिने झाल्यावर टेकताना पुन्हा दुखू लागले, तर ते चालून बरे होईल म्हणून थांबू नये; त्याच आठवड्यात दाखवावे. तुटण्याआधी पंधरा दिवस मांडी ठणकत होती, हे त्याने विचारल्यावर सांगितले. फडावर गोळ्या मिळत होत्या.

“सप्टेंबरात तुम्हाला सांगितलं होतं ना, तीन महिने पाय टेकायचा नाही?” मी विचारले. तो काही बोलला नाही. बायको बोलली. “उचल घेतली होती, साहेब. हे नसते तर मुकादमानं अर्धा कोयता धरला असता. फिटली कधी असती?” माझ्या चिठ्ठीवर ‘वजन देऊ नये’ एवढेच लिहिलेले होते. उचल घेतली आहे का, हे आमच्या कुठल्याच फॉर्मवर विचारलेले नसते. त्या दिवसापासून मी ते विचारतो. कामाला जाणे टळत नसेल तर बसून करायचे काम मिळेल का, कोणत्या गावी आहात, तिथून जवळ एक्स-रे कुठे निघेल, हेही.

आठवड्याने तुटलेली प्लेट काढून गुडघ्याच्या बाजूने रॉड बसवला आणि कमरेच्या हाडातून थोडे हाड काढून फटीत भरले. चौथ्या दिवशी वॉर्डात साधा वजनकाटा मागवला. वॉकर धरून त्याने धड पाय जमिनीवर आणि शस्त्रक्रियेचा पाय काट्यावर ठेवला. “पंधरा किलोच्या वर जायचं नाही,” म्हटले. पहिल्यांदा काटा पस्तिसावर गेला. दुसऱ्यांदा अठ्ठावीस. बायको खाली वाकून आकडे वाचून सांगत होती. सात-आठ वेळा केल्यावर काटा पंधराच्या आसपास थांबू लागला, तेव्हा तो म्हणाला, “एवढंच? हे तर टेकल्यासारखं वाटतच नाही.”