मुखमैथुन आणि एचआयव्ही : भीती किती, जोखीम किती?

काही प्रश्न माणूस डॉक्टरांना विचारत नाही, मित्रालाही विचारत नाही; आणि मग रात्र रात्र जागून काढतो. मुखमैथुनातून एचआयव्हीची लागण होते का, हा त्यांतलाच एक प्रश्न. भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ मध्ये चेन्नईत आढळले. तेव्हापासून असुरक्षित संबंध, दूषित रक्त, दूषित सुई आणि आईकडून बाळाला, हे चार मार्ग आपण पाठ केले आहेत. या प्रश्नापाशी आलो, की मात्र घसा खाकरून आपण पुढे जातो.

उत्तर आधीच सांगतो. मुखमैथुनातून एचआयव्ही होण्याचा धोका अगदी कमी आहे. पण तो पूर्ण शून्य आहे असं म्हणता येत नाही. आता गंमत अशी, की घाबरलेल्या माणसाच्या कानात या वाक्याचा दुसरा अर्धाच भाग शिरतो. 'शून्य नाही' याचा अर्थ तो 'मला झालाच' असा लावतो. म्हणून 'अगदी कमी' म्हणजे काय, ते नीट पाहू.

हा विषाणू शरीराबाहेर फार दुबळा असतो. रक्त, वीर्य, वीर्याआधी येणारा स्राव, योनीतील व गुदद्वारातील स्राव आणि आईचं दूध यांतूनच तो दुसऱ्याकडे जातो. लाळ, घाम, अश्रू यांतून जात नाही. शिवाय नुसता स्राव असून भागत नाही. त्यात विषाणू पुरेशा संख्येने हवा आणि त्याला आत शिरायला वाट हवी. तोंडात ही वाट अवघड आहे. तोंडाचं अस्तर अनेक थरांचं आणि जाड असतं. लाळेत क्षाराचं प्रमाण रक्तापेक्षा बरंच कमी असल्यामुळे विषाणू वाहून आणणाऱ्या पेशी तिच्यात फुटतात. विषाणूला अडवणारी काही प्रथिनंही लाळेत असतात. पोटात गेलेल्या विषाणूची गाठ तिथल्या आम्लाशी पडते.

ज्याच्या जननेंद्रियाला दुसऱ्याचं तोंड लागतं, त्याचा संबंध फक्त लाळेशी येतो. त्यामुळे त्याला धोका जवळजवळ नाहीच. थोडाफार धोका असतो तो ज्याच्या तोंडात वीर्य जातं त्याला. हिरड्यांतून रक्त येत असेल, तोंड आलेलं असेल, गुप्तरोगाची जखम असेल, किंवा जोडीदाराच्या रक्तात विषाणूंची संख्या फार असेल, तर तो वाढतो. मासिक पाळीच्या काळातही काळजी घ्यायला हवी. नुकतेच दात घासले असतील तर हिरड्यांना डोळ्यांना न दिसणाऱ्या जखमा असू शकतात, हेही ध्यानात ठेवावं.

आता आकडे पाहू. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून एक अंदाज मांडला. कंडोम नाही, औषधोपचार नाहीत आणि जोडीदार बाधित आहे, असे दहा हजार प्रसंग धरा. गुदमैथुनात स्वीकारणाऱ्या व्यक्तीला १३८ वेळा, एकच सुई दोघांनी वापरली तर ६३ वेळा आणि योनीसंभोगात स्त्रीला ८ वेळा लागण होऊ शकते. मुखमैथुनासमोर मात्र नेमका आकडाच नाही, फक्त 'कमी' असं लिहिलं आहे. माद्रिदमधला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बाधितांच्या १३५ निरोगी जोडीदारांची पाहणी होती. कंडोमशिवाय झालेल्या मुखमैथुनाचे १९ हजारांहून अधिक प्रसंग मोजले गेले, आणि त्यांतून एकालाही लागण झाली नाही.

मग निर्धास्त व्हायचं का? एचआयव्हीच्या बाबतीत बऱ्याच अंशी हो. पण बाकीच्या रोगांच्या बाबतीत नाही. परमा, गरमी, हर्पीस, एचपीव्ही यांना तोंडाची वाट सहज सापडते. घशातला परमा पुष्कळदा काही लक्षणंच दाखवत नाही. एचपीव्हीच्या काही प्रकारांमुळे पुढे घशाचा कर्करोगही होऊ शकतो. म्हणजे ज्याची भीती वाटते तो रोग सहसा होत नाही, आणि जे होऊ शकतात त्यांची तपासणी करायचं कुणाच्या मनातही येत नाही. कंडोम वापरला तर दोन्हीकडचा धोका कमी होतो.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. बाधित व्यक्ती नियमित औषधं घेत असेल आणि रक्तात विषाणू सापडेनासा झाला असेल, तर तिच्याकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही. औषधांमुळे जोडीदाराचं रक्षण होतं, हे २०११ मध्ये ज्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने दाखवलं, त्यात पुण्यातली जोडपीही सहभागी होती. तेव्हा बाधित माणसापासून दूर पळण्यापेक्षा त्याचं औषध चुकणार नाही हे पाहणं अधिक शहाणपणाचं आहे.

शंका असेल तर काय करावं? आरशात जीभ बघत बसू नये. ताप, घसादुखी, अंगावरचं पुरळ यांवरून एचआयव्ही ओळखता येत नाही. तो चाचणीतूनच कळतो. धोका खरोखर मोठा होता असं वाटत असेल, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना गाठावं. गरज असल्यास ते २८ दिवसांची प्रतिबंधक औषधं सुरू करतात. जितकं लवकर तितकं चांगलं. एरवी सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन व चाचणी केंद्रात, म्हणजे आयसीटीसीत, मोफत तपासणी होते. मध्ये नवा धोका पत्करलेला नसेल आणि तीन महिन्यांनंतरची चाचणी निगेटिव्ह आली, तर त्या प्रसंगापुरता विषय संपला. पुन्हा पुन्हा रक्त तपासत राहू नये. १०९७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नाव न सांगताही विचारता येतं. २०१७ च्या कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो.

हा प्रश्न विचारायला लाजण्याचं कारण नाही. समोरच्या समुपदेशकाने तो याआधी कितीतरी वेळा ऐकलेला असतो. न विचारलेल्या प्रश्नाची भीती मात्र रोज वाढत जाते, आणि तिच्यावर कुठलंही औषध नाही.