पाठराखणीचा पेशा

घर राखणाऱ्याचें नांव घरांत क्वचितच निघतें. चोर आला तर राखणदार झोंपला होता असें सर्व म्हणतात. चोर आला नाहीं तर राखणदार होता हें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. फुटबॉलच्या खेळांत जे गडी आपल्या गोलापुढें उभे राहून प्रतिपक्षाची चाल परतवितात, ज्यांस पूर्वीं 'फुलबॅक' म्हणत व हल्लीं 'बचावपटू' म्हणतात, त्यांचें भाग्य असेंच असतें. गोल करणाऱ्याचें नांव दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत छापून येतें. चार गोल होऊं न देणाऱ्याचें येईलच असा नेम नाहीं. या पेशांत आपलें तारुण्य खर्ची घालून नांव मिळविलेल्या एका मराठी खेळाडूची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. हेतु केवळ मनोरंजनाचा नाहीं. मुलगा खेळांतच आयुष्य काढीन म्हणूं लागला, तर घरांतील वडील माणसांनीं काय करावें, हा प्रश्न आतां मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाहीं. तो आमच्या जालन्यासारख्या ठिकाणींहि उंबरठ्यापाशीं येऊन उभा आहे.

'जालना सोन्याचा पाळणा' ही म्हण जुनी आहे. व्यापार, बी-बियाणें आणि लोखंडाच्या सळया यांच्या बळावर या शहरानें ती आपल्या परीनें खरी करून दाखविली. याच जिल्ह्यांतील जांब गांवीं १६०८ सालीं समर्थ रामदासांचा जन्म झाला, आणि शरीर कमावणें हेंहि कर्तव्यच होय, ही त्यांची शिकवण येथील जुन्या घरांतून आजहि ऐकूं येते. तरी व्यायाम हा गुण आणि व्यायाम हाच चरितार्थ, यांत आपण नेहमींच भेद करीत आलों. नमस्कार घालणाऱ्या मुलाचें कौतुक आणि खेळण्याचे पैसे घेणाऱ्या मुलाची काळजी, अशी आपली रीत. ती प्रथम क्रिकेटनें थोडी सैल केली. जालन्याच्या विजय झोल यांनीं २०११ सालीं महाराष्ट्राच्या एकोणीस वर्षांखालील संघाकडून आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा काढल्या, आणि २०१४ सालीं त्याच वयोगटाच्या विश्वचषक स्पर्धेंत भारतीय संघाचें नेतृत्व केलें. मराठवाड्यांतून कोण वर जातो, असें तेव्हांपासून कोणास सहजपणें म्हणतां येईनासें झालें.

फुटबॉलची गोष्ट मात्र अजून निराळी आहे. आपल्या मैदानांवर फळी व चेंडू घेतलेलीं मुलें जितकीं दिसतात, तितकीं पायानें चेंडू खेळणारीं दिसत नाहींत. म्हणून उदाहरणासाठीं आम्हांस मुंबईची वाट धरावी लागते. तत्पूर्वीं या खेळांत पाठराखणीचें काम म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे; कारण घरांतील सर्वच मंडळींनीं हा खेळ जवळून पाहिलेला असेल असें नाहीं.

आरंभींच्या काळांत बचावाचें काम तुलनेनें सोपें होतें. ज्या गड्याकडे चेंडू पुढें टाकावयाचा, त्याच्या व गोलरेषेच्या मध्यें प्रतिपक्षाचे निदान तीन गडी असलेच पाहिजेत, असा ऑफसाइडचा नियम होता. एखादा चतुर फुलबॅक चार पावलें पुढें सरकला, कीं शत्रूची सगळी चाल नियमबाह्य ठरे. गोल फार कमी होऊं लागले, तेव्हां १९२५ सालीं तिघांच्या जागीं दोघे असा बदल करण्यांत आला. बदल एका शब्दाचा. पण त्यामुळें इंग्लंडांत गोलांचा पाऊस पडूं लागला. तेव्हां लंडनच्या आर्सेनल संघाचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनीं मैदानाच्या मध्यावर खेळणाऱ्या गड्यास मागें खेंचून दोन फुलबॅकांच्या मध्यें उभें केलें. आज बहुतेक संघ चौघांस मागें ठेवितात: मध्यें दोघे आणि दोन्ही बाजूंस एकेक. या चौघांनीं एका रेषेंत पुढें सरावयाचें, एका रेषेंत मागें हटावयाचें. एकानें घाई केली तर तिघांची मेहनत व्यर्थ जाते. एकत्र कुटुंबांत राहिलेल्या वाचकांस ही गोष्ट अधिक फोड करून सांगण्याची गरज नाहीं.

या कामांत आणखी एक विषमता आहे. पुढच्या फळींतील खेळाडूनें दहा वेळां प्रयत्न करून एकदां यश मिळविलें तरी तो वीर ठरतो. मागच्यानें नऊ वेळां चाल परतवून दहाव्या वेळीं चूक केली तर तो दोषी ठरतो. म्हणून पाय टाकण्याइतकेंच पाय आवरणें त्यास शिकावें लागतें. आमच्या जिल्ह्यांतील असईच्या रणांगणावर २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंद्यांच्या गोलंदाजांनीं शेवटपर्यंत आपल्या तोफा सोडल्या नाहींत. लढाई हातची गेली, तरी त्यांच्या त्या निश्चयाची नोंद शत्रूनेंहि करून ठेविली. जागा न सोडण्याचा गुण पराभवांतहि झांकला जात नाहीं.

आतां आमच्या चरित्रनायकाकडे वळूं. राहुल भेके यांचा जन्म १९९० सालीं मुंबईंत झाला. मुंबईतील संघांतून खेळास आरंभ करून ते पुढें कोलकात्याच्या ईस्ट बंगाल संघांत दाखल झाले. कोलकात्यांत फुटबॉल हा केवळ खेळ नसून घरोघरचा अभिमानाचा विषय आहे. तेथें बाहेरच्या गड्यास टिकून राहणें सोपें नाहीं. ईस्ट बंगालशीं करार चालूं असतांनाच २०१५ सालीं केरळ ब्लास्टर्स आणि २०१६ सालीं पुणें सिटी या संघांकडून ते इंडियन सुपर लीग स्पर्धेंत उसने म्हणून खेळले. एक गांव अंगवळणीं पडतें न पडतें तोंच दुसऱ्या गांवीं बिऱ्हाड हलवावयाचें, नवे प्रशिक्षक, नवे सोबती, नवी भाषा. सरकारी नोकरींतील बदल्यांची सवय असलेल्या घरांनाहि हा क्रम जड वाटेल. २०१७ सालीं बेंगळूरू एफ.सी.नें त्यांस घेतलें, तेव्हां त्यांचें वय सव्वीस होतें आणि भारताच्या संघांत त्यांची अद्याप निवड झालेली नव्हती.

बेंगळूरूस त्यांस स्थैर्य लाभलें. एप्रिल २०१८ मध्यें भुवनेश्वर येथें सुपर कपच्या अंतिम सामन्यांत गांठ पडली ती त्यांच्या जुन्या ईस्ट बंगाल संघाशींच. संघ एका गोलानें मागें असतां बरोबरी करून दिली ती भेके यांनीं. सामना बेंगळूरूनें ४-१ असा जिंकला. पण त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें तें १७ मार्च २०१९ रोजीं. इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना मुंबईंत अंधेरीच्या मैदानावर गोव्याच्या संघाशीं होता. नव्वद मिनिटें संपलीं, गोल झाला नाहीं. जादा वेळ सुरू झाला आणि तोहि संपत आला. ११७ व्या मिनिटास डिमास डेल्गाडो यांनीं कोपऱ्यावरून मारलेल्या चेंडूस भेके यांनीं डोकें लावलें आणि चेंडू गोलांत गेला. जन्मभर ज्यानें दुसऱ्यांचे गोल अडविले, त्यानेंच आपल्या जन्मगांवीं, अवघीं तीन मिनिटें उरलीं असतां, एकमेव गोल करून संघास विजेतेपद मिळवून दिलें.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आंत, ५ जून २०१९ रोजीं, थायलंडांतील बुरिराम येथें क्युरासाओविरुद्ध त्यांनीं प्रथमच भारताचा पोषाख अंगावर चढविला. वय अठ्ठावीस. तो सामना भारतानें ३-१ असा गमावला. परंतु त्याच वर्षीं १० सप्टेंबर रोजीं दोहा येथें आशियाचा विजेता कतार यजमान असतां भारतानें एकहि गोल होऊं दिला नाहीं व सामना ०-० असा बरोबरींत सोडविला. त्या दिवशीं उजव्या बाजूची राखण भेके यांच्याकडे आणि डाव्या बाजूची गोव्याच्या मंदार राव देसाई यांच्याकडे होती. गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू यांचा पराक्रम त्या सामन्यांत थोर खराच. पण शून्याचा तो आंकडा एकट्याच्या हातून घडत नसतो.

२०२१ सालीं ते मुंबई सिटी संघांत आले. ११ एप्रिल २०२२ रोजीं सौदी अरेबियांतील रियाध येथें आशियाई चॅम्पियन्स लीगमध्यें या संघानें इराकच्या एअर फोर्स क्लबचा २-१ असा पराभव केला. त्या स्पर्धेंत कोणत्याहि भारतीय संघाचा हा पहिलाच विजय, आणि निर्णायक गोल पुन्हां भेके यांच्या डोक्याचा. पुढें ते या संघाचे कर्णधार झाले, आणि ४ मे २०२४ रोजीं कोलकात्यांत मोहन बागानचा ३-१ असा पाडाव करून संघानें चषक मिळविला. त्याच वर्षीं ते बेंगळूरूस परतले. नोव्हेंबर २०२४ मध्यें मलेशियाविरुद्ध आणि मार्च २०२५ मध्यें मालदीवविरुद्ध भारताकडून त्यांनीं गोल केले. ज्या वयांत बहुतेक खेळाडू निवृत्तीचा विचार करूं लागतात, त्या वयांतील हीं कृत्यें होत.

येथवरची हकीकत वाचून एखादा चिरंजीव उत्साहानें उठेल, आणि तें स्वाभाविक आहे. परंतु नाण्याची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. इंग्लंडांत पैसे घेऊन खेळण्यास १८८५ सालीं मान्यता मिळाली. तरी १९०१ पासून खेळाडूंच्या वेतनास कमाल मर्यादा होती, आणि १९६१ सालीं ती उठली तेव्हां ती आठवड्यास अवघी वीस पौंड होती. आपल्याकडे शैलेन मन्ना हे १९५१ च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे कर्णधार, आणि तेहि फुलबॅकच. एकोणीस वर्षे मोहन बागानकडून खेळलेल्या या थोर खेळाडूचा संसार चालला तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या नोकरीवर. आज करार मोठे झाले आहेत, पण ते वर्षांचे असतात, आयुष्याचे नव्हेत. भेके ज्या पुणें सिटी संघाकडून खेळले, तो संघ २०१९ सालीं बंद पडला. जुलै २०२५ मध्यें, इंडियन सुपर लीग चालविण्याच्या कराराचें पुढें काय, हें न ठरल्यामुळें नवा हंगामच स्थगित झाला, आणि ऑगस्टच्या आरंभीं बेंगळूरू एफ.सी.नें खेळाडूंचे पगार अनिश्चित काळासाठीं थांबविल्याचें जाहीर केलें. भारताच्या संघांतील गड्यांवरहि असा प्रसंग येऊं शकतो, हें पालकांनीं डोळ्यांआड करूं नये.

मग मुलास अडवावें काय? आमचें उत्तर नकारार्थी आहे. अडवूं नये, पण एकट्यास सोडूंहि नये. भेके यांच्या हकीकतींतून पहिली गोष्ट शिकावयाची ती धीराची. वयाच्या सोळाव्या वर्षीं 'यांतून मिळणार काय?' असें जेवतांना रोज विचारणाऱ्या घरांतून अठ्ठाविसाव्या वर्षीं देशाकडून खेळणारा गडी निघणें कठीण. दुसरी गोष्ट शिक्षणाची. शाळा किंवा कॉलेज सोडून खेळ, अशी निवड करण्याची वेळच बहुधा येत नाहीं. बाहेरून परीक्षा देतां येते, आणि गुडघा दुखावला त्या दिवशीं पदवी उपयोगीं पडते. तिसरी, करारावर सही करण्यापूर्वीं तो घरांतील जाणत्या माणसानें अथवा वकिलानें शब्दशः वाचावा. ज्या घरांत जमिनीचें खरेदीखत चार जण वाचतात, त्या घरांत मुलाच्या दहा वर्षांचें खत एकानेंहि वाचूं नये हें बरें नव्हे. चौथी, खेळ संपल्यावरहि खेळाचें काम संपत नाहीं. गोव्याचे महेश गवळी हे भारताचे नांवाजलेले बचावपटू. निवृत्तीनंतर त्यांनीं प्रशिक्षकाचें काम हातीं घेतलें. पंचगिरी, शारीरिक शिक्षण, जायबंदी खेळाडूंवरील उपचार याहि वाटा मोकळ्या आहेत. आणि हें सर्व मुलांइतकेंच मुलींनाहि लागूं आहे.

राहतां राहिला प्रश्न मैदानाचा. कोल्हापुरास फुटबॉल रुजला तो पैशानें नव्हे. पाटाकडील, खंडोबा अशा तालमींनीं त्यास आपलें म्हटलें, आणि शाहू स्टेडियमवर पेठेच्या पेठा सामने पाहावयास लोटूं लागल्या. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ सालीं सतरा वर्षांखालील विश्वचषकांत भारताकडून खेळला. तालीम आणि बलोपासना यांची परंपरा आमच्या भागांतहि परकी नाहीं. जालन्यांत, अंबडास, परतुरास, भोकरदनास एकेका शाळेनें आपल्या पटांगणावर दोन गोलखांब रोवले आणि संध्याकाळचा एक तास राखून ठेविला, तर आरंभास तेवढें पुरे आहे. चेंडू एकच लागतो आणि बावीस मुलें खेळतात. इतका स्वस्त खेळ दुसरा क्वचितच असेल.

घरांतील वडील मंडळींकडे आमचें मागणें याहून लहान आहे. मुलाचा सामना असेल त्या दिवशीं एकदां तरी जाऊन पाहावा. आणि तो मागच्या फळींत खेळत असेल, तर घरीं आल्यावर 'गोल किती केलेस?' असें न विचारतां 'किती अडविलेस?' असें विचारावें.