जुनी भिंत आणि ॲसिडची बाटली

दरवर्षी 31 जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या कुरणातील लांडोर बंगल्यावर खानदेशातून आपली माणसे मोठ्या संख्येने जमतात. 1937 साली परमपूज्य बाबासाहेब न्यायालयीन कामासाठी धुळ्याला आले, तेव्हा त्यांचे येथे वास्तव्य झाले. अशा जुन्या वास्तूबद्दल आपल्या मंडळांत तारीख जवळ आली की एकच विचार निघतो: घासूनपुसून चकाचक करू, वर ऑइलपेंट मारू. भावना चांगली आहे. पण त्या उत्साहात बादलीबरोबर ॲसिडची बाटलीही येते, आणि आमचे म्हणणे त्या बाटलीबद्दल आहे.

पारोळ्याचा भुईकोट किल्ला घ्या, एरंडोलचा पांडववाडा घ्या किंवा एखादा ब्रिटिश काळातील बंगला घ्या. आपल्याकडच्या जुन्या भिंती म्हणजे काळा दगड, वीट आणि चुना. शहाबादी फरशीवर ॲसिड सांडले की ते कसे फसफसते व पांढरा डाग उरतो, हे आयाबहिणींना सांगायला नको. चुन्याचेही तेच होते. काळ्या दगडाला लगेच काही झालेले दिसत नाही, म्हणून माणूस फसतो. दोन दगडांमधला चुना मात्र विरघळून जातो, सांधे मोकळे होतात व पावसाचे पाणी आत शिरते. कपड्यांचा सोडा आणि पावडरही निरुपद्रवी नाहीत. त्यांचे क्षार भिंतीत मुरतात, उन्हाळ्यात वर येतात आणि लोणा लागून पापुद्रे सुटतात.

तारेचा ब्रश तर नकोच. त्याचे लोखंडी कण दगडात अडकतात आणि पहिल्या पावसात तांबडे ओघळ उतरतात. गाड्या धुण्याच्या पंपाचा मारा सांध्यातला चुना उडवतो. विटेची भाजलेली वरची कातडी एकदा निघाली की आतली मऊ वीट झिजतच राहते, ती कातडी परत येत नाही. मग कोणी सिमेंटने सांधे भरतो. त्याने ओल आत कोंडते, आणि ऑइलपेंटनेही तेच होते.

चांगल्या हेतूने केलेले काम किती महागात पडते, ते पाहायला जळगावहून अजिंठ्याला जावे. 1920 च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून जाणकार आणून तेथील चित्रांवर लाखेचे रोगण दिले. चित्रे टिकावीत हाच हेतू होता. ते रोगण पुढे पिवळे पडले आणि पुरातत्त्व खात्याला ते काढत बसावे लागले. उलट, ताजमहालाच्या संगमरवरावर याच खात्याने 1994 पासून मुलतानी मातीचा लेप वापरला. लेप वाळताना मळ ओढून घेतो, मग तो पाण्याने धुतात.

आपल्याला करायचे असेल तर साधे पाणी, काथ्याचा किंवा नायलॉनचा मऊ ब्रश आणि बांबूची चपटी पट्टी पुरे. आधी कोपऱ्यात हातभर जागेवर करून पाहावे व ती वाळेपर्यंत थांबावे. नंतर खालची भिंत ओली करून वरून खाली धुवावे, म्हणजे घाण पाणी कोरड्या दगडात मुरत नाही. पिंपळाचे रोप ओढून काढू नये, मुळांबरोबर दगड सुटतो. शेवाळ जुलैत घासण्यात अर्थ नाही. भिंत आधीच ओली असते आणि आठ दिवसांत ते परत येते. हे काम दिवाळीनंतर, भिंत वाळू शकेल तेव्हाचे. आणि काळा पडलेला प्रत्येक दगड मळलेला नसतो, काहींचा रंगच तो असतो!

मेणबत्त्या भिंतीला टेकून लावल्याने मेण व काजळी दगडात शिरते. त्यासाठी लोखंडी स्टँड ठेवावा. वास्तू ज्या खात्याच्या ताब्यात असेल त्याची लेखी परवानगी घ्यावी. मुक्ताईनगर तालुक्यातील चांगदेवच्या देवळासारख्या संरक्षित स्मारकाला तर 1958 चा कायदा लागू आहे. तेथे आपण हात लावायचाच नाही, अर्ज द्यायचा.

आणखी एक गोष्ट, जी ठेकेदार सांगत नाही. ॲसिडची बादली शेवटी कोणाच्या हातात असते? रोजंदारीवरच्या आपल्याच माणसाच्या, उघड्या हातांनी. वाळूच्या फवाऱ्याने भिंत साफ करतात, तेथे बारीक धूळ छातीत बसून सिलिकोसिस होतो, आणि हा रोग बरा होत नाही. ब्रिटनने 1949 च्या नियमांनी कारखान्यांत असा फवारा बंद केला. मंडळाने काम ठरवताना ॲसिड व वाळू नको, असे कागदावर लिहून घ्यावे. वर्गणीतून पहिली खरेदी रबरी हातमोजे आणि तोंडावरच्या मास्कची करावी. वटवाघळांची व कबुतरांची विष्ठा काढताना ती आधी ओली करावी, कोरडी झाडू नये.